एकतीस बाय एकोणीस

१

धुरपताबाईची सकाळ गोधडीच्या घडीनं सुरू व्हायची. चूल मागाहून, चहा मागाहून, आधी घडी. बेचाळीस वर्षं तिनं एका मास्तराशी संसार केला होता, आणि उन्हं वर आल्यावरही अंथरूण पसरलेलं दिसलं की ते मास्तर, म्हणजे बाबूसिंग गुरुजी, वर्गात खाकरायचे तसा घसा खाकरायचे. गुरुजींना जाऊन पाच महिने झाले. आता खाकरणारं कुणी नव्हतं, पण हाताची सवय अशी थोडीच जाते?

मालेगावच्या रस्त्याला लागून असलेल्या तांड्यावर त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. पुढं चूल आणि लोखंडी पेटी, मागं बाज. दिवाळी होताच मुलगा बादल आणि सून मंजू ऊसतोडीला गेले होते, ते चैत्रात परतणार होते. त्यांची नऊ वर्षांची निता शाळा बुडू नये म्हणून दादीपाशी राहिली होती. दोघी एकाच गोधडीखाली झोपायच्या, गुरुजी झोपायचे तशा डोक्यावरून ओढून.

गोधडी गुरुजींच्याच कपड्यांची होती. लहानमोठे आठ चौकोन. पायाकडं सगळ्यात मोठा, दोन धोतरांचा. त्याच्यावर पांढऱ्या सदऱ्यांचा. मग पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याचा, मग खादीच्या बंडीचा. पुढं लाल पटक्याचे दोन लहान चौकोन, आणि सगळ्यात शेवटी निळ्या काठाच्या रुमालाचे दोन, चार-चार बोटांचे. तो रुमाल शाळेतला. फळा पुसायचं फडकं सापडलं नाही की गुरुजी त्यानंच फळा पुसायचे आणि घरी येऊन बोलणी खायचे. हे शेवटचे दोन चौकोन बरोबर डाव्या छातीवर यायचे.

घडी घालताना तिचा हात आपोआप मोजायचा. एक, दोन, तीन, चार, पटक्याचे दोन, रुमालाचे दोन. आठ.

पौषातल्या एका सकाळी हात नऊवर थांबला.

तिनं गोधडी पुन्हा उलगडली. रुमालाच्या एका चौकोनाच्या कडेला आणखी एक चौकोन शिवलेला होता, दोन बोटांचा. टाके बारीक, सरळ, अगदी तिच्या हातचे वाटावेत असे. आणि कापड त्याच निळ्या काठाच्या रुमालाचं.

गुरुजी गेले त्या दिवशी त्या रुमालाचा दोन चौकोनांपुरता भाग तिनं ठेवून घेतला; जो तुकडा उरला होता, तो तिनं गुरुजींच्या मनगटाला बांधून त्यांच्यासोबत पाठवला होता. तो जळताना तिनं पाहिला होता.

२

गुरुजींच्या गोधड्या म्हणजे सगळ्या तांड्याच्या चेष्टेचा विषय. दुसरीकडं बाया हाताला येईल ती चिंधी लावतात. इथं गोधडी म्हटली की गणित. गुरुजींची निम्मी नोकरी इंझोरीच्या शाळेत गेली. तिथल्या खोलीत बादल झाला तेव्हा धुरपताबाई पाळण्यातली गोधडी शिवायला बसली आणि गुरुजी जवळ येऊन म्हणाले, "अकरा बाय सात घे."

"अकरा काय?"

"मापं. एक माप म्हंजे माह्यी चार बोटं."

ते कापड पसरून त्यावर चार बोटं आडवी ठेवायचे, बोटांच्या पुढं नखानं खूण ओढायचे, मग त्या खुणेपासून पुन्हा चार बोटं. कोऱ्या मांजरपाटावर त्यांचं नख 'खर्र' वाजायचं. मोजायचे ते, कापायची ती. पुढं यात कधी बदल झाला नाही.

बाकी सगळं सोपं होतं. अकरा बाय सातच्या जागेत आधी सातचा चौकोन बसवायचा. उरलेल्या जागेत बसेल तेवढा मोठा दुसरा, त्यातून उरेल त्यात तिसरा. असं उरेल त्याचे चौकोन करत जायचं, काही उरेनासं होईपर्यंत. कोणता चौकोन किती वेळा बसला ते आकडे गुरुजी भिंतीवर खडूनं एकाखाली एक लिहायचे. पुस्तकात याला वितत अपूर्णांक म्हणतात, अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, त्याच्याही पोटात अपूर्णांक. जुने लोक त्या आकड्यांना वेल म्हणत. चौथी शिकलेल्या धुरपताबाईला वेल हा शब्द फार आवडला. खाली खाली उतरणारी वेल तिला दिसायची.

"पन अकरा आन सातच काहून?" तिनं विचारलं होतं. "दहा आन पाच घ्या ना."

"त्याच्यात काय मजा? दोन चौकोनांत गोदडी खतम." गुरुजींचे डोळे वर्गात चमकायचे तसे चमकले. "मूळ संख्या घे. सात म्हन, अकरा म्हन, एकोनीस, एकतीस. त्यायले कोनाचाच भाग जात नाई. अशा दोघायची गाठ घातली का वेल पार तळापर्यंत जाते. आन शेवटी उरते तो एकच."

"आन मंग?"

"मंग काई नाई. एकानं भाग गेला का बाकी शून्य."

पुढं तांड्यावर कुणाकडं मूल जन्मलं की गुरुजी त्याला मूळ संख्यांची एक जोडी द्यायचे, दुसऱ्या कुणाला न दिलेली. दोरीवर वाळत घातलेली गोधडी पाहून लोक सांगायचे, ही धरमसिंगच्या घरची, तेरा बाय सात. हसायचे सगळे. पण जोडी मागायलाही तेच यायचे. ते दिवस आठवले की धुरपताबाईला आजही वाटायचं, आपल्याएवढं सुख तांड्यात कुणी भोगलं नसेल. चूल विझत आलेली, कंदिलाची काच पुसलेली, आणि गुडघ्याला गुडघा लावून दोघं एका कापडावर वाकलेली.

एकतीस बाय एकोणीस ही जोडी त्यांनी कुणाला दिली नव्हती. "थे आपल्या म्हातारपनाची," म्हणायचे. शेवटच्या आजारपणाआधी एका दुपारी त्यांनी अस्तर पसरलं, लांबी मोजून एकतीस खुणा केल्या आणि दम लागला म्हणून रुंदी राहू दिली. रुंदीच्या एकोणीस खुणा धुरपताबाईनं केल्या, त्यांच्या तेराव्यानंतर. आपल्या चार बोटांनी.

३

नवव्या चौकोनाचं तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? आधी तिनं आपल्या डोळ्यांवर घेतलं. मोतीबिंदू काढून वर्ष झालं नव्हतं. मग आपल्या हातांवर. माणूस झोपेत उठून पाणी पितं, मग झोपेत सुई का चालवू नये? तिनं सुईदोऱ्याचा डबा पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

चौथ्या सकाळी चौकोन दहा होते. दहावा एका बोटाचा होता. नववा होता रुमालाच्या वरच्या कडेला उजवीकडं, हा त्याच कडेला डावीकडं. दोन्हींच्या मधोमध अजून थोडी जागा होती.

किल्ली गळ्यातच होती.

त्याच दिवशी निता शाळेतून आली ती अंग मोडून. कपाळाला हात लावला तर चटका बसला. उपकेंद्रातल्या बाईनं गोळ्या दिल्या; थंडीचा ताप आहे, घाबरू नका म्हणाली. धुरपताबाईनं पोरीला बाजेवर निजवलं, गोधडी पांघरली आणि ती पेज टाकायला पुढच्या खोलीत आली. लख्ख दुपार होती. पत्रे उन्हानं कडकड वाजत होते आणि शेजारच्या लिलाबाईकडं मिरच्या कुटणं चाललं होतं.

पेज घेऊन ती आत गेली तेव्हा निता छताकडं टक लावून होती.

"दादी, मले कोन मोजून राह्यलं होतं?"

"मोजून म्हंजे?"

"असे चार बोटं ठेवते. पायापासून वर वर. आन बोटं उचलली का नखानं खर्र करते."

धुरपताबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. मग तिनं मनाला दटावलं. पोर आजोबांच्या मांडीवर वाढली, मापं घेताना तिनं त्यांना शंभर वेळा पाहिलं, आणि तापात माणसाला काय काय दिसतं. बरोबर होतं सगळं. तरी तिनं गोधडी काढून पेटीवर ठेवली आणि पोरीच्या अंगावर बाजारचं ब्लँकेट घातलं.

ताप काही उतरला नाही.

४

पाच दिवस ताप हटेना तेव्हा तिनं निताला मालेगावला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. "अशक्तपणा आहे," म्हणाले, आणि आणखी गोळ्या लिहून दिल्या.

गोधडी तिनं पिशवीत घालून सोबत आणली होती. दवाखान्याच्या पुढच्या गल्लीत फूलचंदचं कापडाचं दुकान होतं. हा गुरुजींचा शाळूसोबती. दोघं तासन्‌तास आकड्यांवर वाद घालायचे, इतका की गिऱ्हाईक कंटाळून दुसऱ्या दुकानात जाई. त्याची बायको पानाबाई निताला घेऊन आतल्या खोलीत गेली. तेव्हा धुरपताबाईनं गोधडी गादीवर पसरली.

"शेटजी, हिच्यात काय चुकलं थे पाहा. बाकी काई विचारू नका."

फूलचंदनं चष्मा पुसला, चौकोनांवरून बोट फिरवलं. "एकतीस बाय एकोनीस. आठ पाह्यजे. दहा काहून हायेत, वहिनी?"

"म्हनूनच आनली ना."

त्यानं गोधडी उलटी केली आणि डोक्याकडची कड चिमटीत धरून चाचपली. कापडवाल्याची बोटं ती. डोळ्यांआधी त्यांना समजतं. "हे जाड काहून लागते? दुमड हाय इथी."

दुमड धुरपताबाईनंच घातली होती. अस्तर लांबीला दोन बोटं जास्त भरलं होतं. चौकोन जोडले, अस्तर लावलं, तर दोन बोटं बाहेर. कापायला मन धजलं नाही. ती गुरुजींच्या खुणांची शेवटची दोन बोटं होती. मग तिनं ती आत दुमडली आणि वरून टाका घातला. कोण बघतंय?

"लांबी त्यायच्या हातची," ती म्हणाली, "आन रुंदी माह्या हातची."

फूलचंदनं हळूच गोधडीची घडी घातली. "दोन हातायची दोन मापं, वहिनी. बाबूसिंगच्या बोटात तुमचं बोट बसत नाई, तुमच्यात त्याचं बसत नाई. अशा कापडाची वेल आठ चौकोनांत संपनार कशी? जे उरलं थे तुमी आत दडवलं."

"मंग संपनारच नाई?"

"दोघायच्याबी मापात पूर्न बसन असं तिसरं बारीक माप भेटलं, तरच संपन." तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. "हिशोब हाय हा. तुमी मनावर घेऊ नका."

आतून निताच्या खोकल्याचा आवाज आला. फूलचंदनं दाराकडं पाहिलं आणि तिथून नजर वळवून धुरपताबाईकडं पुन्हा पाहिलं नाही.

५

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते दुमड उसवायचं. पाच महिन्यांचा टाका, पण सुतासारखा सरळ निघाला. दुमडलेली दोन बोटं बाहेर आली. त्यांच्यावर गुरुजींच्या नखाची शेवटची खूण होती, अगदी ताजी वाटावी अशी. तिला रडू आवरेना. उंबऱ्यात बसून ती मोकळेपणी रडली. असं रडणं त्यांच्या तेराव्यालाही झालं नव्हतं.

मग तिनं गोधडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. निता बाजेवर ब्लँकेटखाली होती. दुपारचे तीन वाजत आले होते. धुरपताबाई चुलीपाशी तांदूळ निवडू लागली.

खर्र.

तिला वाटलं, उंदीर. पेटीत उंदीर शिरला तर गोधडी जायची. ती उठणार तोच पुन्हा आलं, खर्र. मग थोडी शांतता, चार बोटं उचलून पुढं ठेवायला लागावी तेवढी. खर्र. ती मोजत राहिली. इतकी वर्षं जे ऐकलं त्याची मोजदाद काय शिकवावी लागते? एकतीस झाले. मग बत्तिसावा आला नाही. त्याऐवजी फार बारीक, कापडावर मुंगी चालावी तसा आवाज झाला, आणि त्याच वेळी मागच्या खोलीत निता कण्हली.

तिनं पेटी उघडली. पेटीत उंदीर नव्हता. गोधडीवर अकरावा चौकोन होता, नववा आणि दहावा यांच्या मधल्या जागेत. एका बोटाहूनही अरुंद. एवढा लहान चौकोन कापायला तिच्यापाशी कात्री नव्हती, आणि शिवायला एवढी बारीक सुईही नव्हती.

तिनं गोधडी उचलून बाजेपाशी नेली. का नेली ते तिला सांगता आलं नसतं. उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसासारखी ती चालत गेली. तापानं झोपलेल्या निताची करंगळी तिनं धरली आणि अकराव्या चौकोनावर आडवी ठेवली.

काठाला काठ मिळाला. ना कमी ना जास्त.

६

त्या दुपारी धुरपताबाईनं एक दोरा घेतला, त्यावर निताच्या करंगळीच्या रुंदीएवढ्या खुणा केल्या आणि आख्खी गोधडी मोजली, उसवलेल्या दोन बोटांसकट. तिचा अजून विश्वास बसत नव्हता. ताप आहे, म्हातारपण आहे, एकटेपण आहे. एवढं असल्यावर माणूस काय वाटेल ते जुळवतं. दोरा खोटं बोलणार नाही.

लांबी भरली दोनशे सत्तावीस करंगळ्या. रुंदी एकशे सदतीस. दोन्हीकडं शेवटची खूण बरोबर काठावर आली.

भिंतीवर कोळशानं तिनं भाग द्यायला सुरुवात केली, गुरुजींनी शिकवला तसा. एकशे सदतीस एकदा, उरले नव्वद. नव्वद एकदा, उरले सत्तेचाळीस. एकदा, उरले त्रेचाळीस. एकदा, उरले चार. पहिले चार आकडे जुन्या वेलीचेच होते. पुढं त्रेचाळीसमध्ये चार दहादा, उरले तीन. चारात तीन एकदा.

उरला एक.

आणि याही मूळ संख्याच. कुणाचा भाग न जाणाऱ्या. फूलचंद म्हणाला होता ते तिसरं माप तांड्यावरच होतं, मागच्या बाजेवर झोपलं होतं. गुरुजींच्या हातातही बसणारं, तिच्या हातातही. का बसणार नाही? पोर दोघांचीच होती. आणि ते तिकडून ओळीनं मोजत मोजत, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, पोरीपर्यंत येऊन पोचले होते. गुरुजींना गणित अर्धं टाकलेलं कधी खपलं नाही.

आता एकच ओळ राहिली होती. एकानं भाग द्यायची.

गोधडी चुलीत घालावी असं तिच्या मनात आलं. पण रुमाल तिनं जळताना पाहिला होता, आणि तो परत आला होता. पोरीला लिलाबाईकडं न्यावं? ब्लँकेट बदललं तेव्हा काय उपयोग झाला? बादलला फोन लावला, तो लागला नाही. निताचं कपाळ तव्यासारखं झालं होतं आणि ओठ सुकले होते. धुरपताबाईनं तिच्या ओठांवर ओलं फडकं फिरवलं आणि गोधडी आपल्याच हातानं तिच्या अंगावर घातली. येणारा कुठून येतो ते दिसलं तर पाहिजे.

"या," ती दाराकडं न बघता म्हणाली. "मी इथीच बसून हाओ."

७

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला मिरच्यांचं कुटणं थांबलं. उन्हाचा पट्टा बाजेच्या पायापर्यंत आला होता. सगळं स्वच्छ दिसत होतं. धुरपताबाईला नंतर कधीही म्हणता आलं नाही की अंधार होता.

पायाकडच्या धोतराच्या चौकोनावर खड्डा पडला. चार बोटं दाबल्यासारखा, आडवा. खर्र. तो भरला आणि त्याच्या पुढं दुसरा पडला. खर्र. वर कुणी नव्हतं. हवेत हात नव्हता, सावली नव्हती, फक्त कापड दबत होतं आणि फुगत होतं. सदऱ्यांचा चौकोन झाला. पायजम्याचा झाला. मापं घाईनं पडत नव्हती; चूक होऊ नये म्हणून गुरुजी जरा थांबायचे तशी थांबत होती.

निताचा हात गोधडीबाहेर होता. मूठ उघडी, आणि त्यातली करंगळी एकटी ताठ झाली, कुणी टोक धरून सरळ करावी तशी. ती अकराव्या चौकोनाकडं सरकू लागली.

धुरपताबाईनं पोरीची मूठ आपल्या डाव्या हातात आवळली. करंगळी आत घेतली, घट्ट, पोर झोपेत कळवळली तरी सोडली नाही. आणि उजवा हात तिनं अकराव्या चौकोनावर पालथा ठेवला.

"गुरुजी," ती म्हणाली. "पोरीचं नाई. माह्यं घ्या. लांबी तुमची, रुंदी माह्यी, चूक माह्यी. पोरीचा याच्यात काई संबंध नाई."

पटक्यावर खड्डा पडला. मग रुमालावर. मग तिच्या हातावर चार बोटं आली.

गार होती. उजव्या तर्जनीच्या पेराला खडूनं पडलेली भेग होती, तीही तशीच. तिनं डोळे मिटले नाहीत, पण दिसलं काहीच नाही. फक्त आपल्या कातडीवर चार पांढरट वळ उमटताना दिसले. बोटाशेजारी बोट लागलं. करंगळीपाशी येऊन ती थांबली. तिची चार बोटं संपली होती आणि त्यांची अजून थोडी पुढं होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. त्या दाण्याएवढ्या जागेवर नख आलं.

खर्र.

मग सगळं उचललं गेलं. धुरपताबाईनं हात जागचा हलवला नाही. बऱ्याच वेळानं पायाकडं, धोतराच्या चौकोनावर, पहिल्यापासून खड्डा पडायला लागला. गणित चुकलं की ते असेच करायचे; सगळं पुसून वरून सुरुवात.

संध्याकाळी निताला घाम फुटला. रात्री तिनं भाकरी मागितली आणि दुधात कुस्करून दीड खाल्ली. धुरपताबाई बघत बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. अकराव्या चौकोनाच्या पुढं बारावा आला नाही.

आता निता शाळेत जाते. फाल्गुन लागून आठवडा झाला आहे. दुपारी तीनला धुरपताबाई दार लोटून घेते, गोधडी पसरते आणि हात ठेवून बसते. लिलाबाई म्हणते, बाईला दुपारच्या झोपेचा नाद लागला. खोटं कशाला बोला, तिच्या मनात ओढही असते. तो हात तिनं बेचाळीस वर्षं धरला आहे. त्याची वाट बघायला कुणी लावलं तर ती नाही कसं म्हणेल? पण गार बोटं तिच्या बोटांपाशी येऊन टेकली की तिचं सगळं लक्ष करंगळीच्या पुढं उरलेल्या जागेकडं असतं. पहिल्या दिवशी तिथं ज्वारीचा दाणा मावत होता. गेल्या आठवड्यात बाजरीचा. काल तिनं मुद्दाम तीळ ठेवून बघितला, तो जेमतेम मावला. तेवढी जागा भरली की बाकी शून्य.

बादलचा फोन आला होता. चैत्राच्या पाडव्याला येतो म्हणाला. धुरपताबाईनं विचारलं, "त्याच्या आधी येनं होत नाई का रे?" मुकादम सोडत नाही म्हणाला. पाडव्याला अजून तेवीस दिवस आहेत, आणि तो तीळ तोवर पुरायला हवा.